म्हाताऱ्या मोटारींची जत्रा

मुलांनो, जत्रा म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाळणे, भिरभिरी, रेवड्या, बत्तासे आणि ही एवढी गर्दी! पण मोटारींचीही जत्रा भरते, हे ठाऊक आहे का तुम्हाला? या जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांचं वय असतं पन्नास, साठ, ऐंशी, तर कधी शंभराच्याही पुढे! कुणाचे डोळे बटबटीत, कुणाचं नाक लांबलचक, तर कुणाला दार उघडताना कुरकुरायची सवय. तरीही सगळे कसे न्हाऊनमाखून, चकचकीत होऊन आलेले असतात.

मुंबईत 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' ही संस्था जुन्या मोटारींची अशी फेरी काढते. पुष्कळदा तिची सुरुवात फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलपासून झालेली आहे. तारीख आधी वर्तमानपत्रात येते. कांदिवलीच्या मुलांनी रविवारी जरा लवकर उठायचं, चर्चगेटची गाडी पकडायची आणि हुतात्मा चौकावरून चालत जायचं. समोर एशियाटिकच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या, मध्ये गोल बाग आणि बागेभोवती ओळीनं उभ्या मोटारी. तिकडे पोचलात की आधी डोळे भरून पाहून घ्या. मग मात्र स्वतःला एक प्रश्न विचारा : या गाड्या अजून चालतात तरी कशा? आज आपण त्याच प्रश्नाचा पाठलाग करणार आहोत.

हँडल मारा, पण जपून!

आजची गाडी बटण दाबलं की सुरू होते. पूर्वी तसं नव्हतं. गाडीच्या नाकाशी एक वाकडी लोखंडी दांडी घालून ती जोरात फिरवावी लागे. त्याला म्हणत 'हँडल मारणं'. इंजिननं उलटा झटका दिला की दांडी उलटी फिरे आणि माणसाचा हातही मोडे! म्हणून जाणकार लोक दांडी धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवत, म्हणजे झटका बसला तरी हात पटकन सुटे. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीनं विजेवर सुरू होणारी गाडी बाजारात आणली. ती युक्ती चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनियरची. तेव्हापासून हळूहळू हँडलाची सुट्टी झाली.

फोर्ड कंपनीची 'टी मॉडेल' नावाची गाडी पाहाल, तर आणखी चक्रावून जाल. तिला पायाशी तीन पेडलं असतात खरी, पण डावं पेडल गिअरचं, मधलं गाडी मागे नेण्याचं आणि उजवं ब्रेकचं! मग वेग वाढवायचा कसा? तर हातानं, स्टिअरिंगजवळची एक छोटी दांडी ओढून. आजचा पट्टीचा ड्रायव्हर तिच्यात बसला, तर वेग वाढवायला म्हणून उजवा पाय दाबील आणि गाडी जागच्या जागी थांबवील.

या जत्रेत शब्दांच्याही गमती सापडतात बरं का! आपण जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतो ना, ते एका रस्त्याचं नाव आहे. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ साली मोटारीचं जादा चाक तयार केलं. त्यापूर्वी गाडीसोबत जादा चाक नसेच. टायर फुटला की बसा रस्त्यात!

'व्हिंटेज' म्हणजे नेमकं काय?

जुनी दिसली की आपण कोणत्याही गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मोकळे होतो. जाणकारांचं तसं नसतं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं त्यांचे वर्गच पाडले आहेत, शाळेसारखे. १९०४ सालापर्यंतच्या गाड्या पूर्वज, १९०५ ते १९१८ च्या 'व्हेटरन', १९१९ ते १९३० च्या 'व्हिंटेज' आणि त्यानंतरच्यांचे आणखी वर्ग. वेगवेगळ्या क्लबांचे नियम थोडे वेगळे असतात. पण १९६५ सालची फियाट कितीही लाडकी असली, तरी ती 'व्हिंटेज' नव्हे, 'क्लासिक', असं तिथले काका तुम्हाला हमखास सांगतील.

आपल्या सरकारनं २०२१ साली याबद्दल वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना सरकारी कागदावर 'व्हिंटेज' म्हणायचं. मात्र तिचा सांगाडा, वरचं अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. अशा गाडीला वेगळा नंबर मिळतो. त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, ती १० वर्षं चालते आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये लागतात. ही गाडी प्रदर्शनाला, फेरीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची. रोज ऑफिसला जायला किंवा धंद्याला ती वापरता येत नाही. आजोबांना जसं आपण भाजीच्या जड पिशव्या उचलू देत नाही, तसंच हे!

आता खरी अडचण पाहा. ८० वर्षांच्या गाडीचा एखादा भाग मोडला. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मग तो भाग आणायचा कुठून?

चॉकलेटच्या गावातला बाजार

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचं गाव आहे. चॉकलेटच्या कारखान्यासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. या गावात १९५५ सालापासून ऑक्टोबरात जुन्या मोटारींचा प्रचंड मेळा भरत आला आहे. एका बाजूला देखण्या गाड्यांचं प्रदर्शन आणि दुसऱ्या बाजूला सुट्या भागांचा बाजार. हजारो गाळे! कुणी जुने दिवे मांडून बसलंय, कुणी गंजकी चाकं, कुणी नुसत्या नंबरपाट्या, तर कुणी फक्त जुनी माहितीपुस्तकं. 'तुझा दिवा मला दे, माझं चाक तू घे' अशी अदलाबदलही चालते. इंग्लंडमधल्या ब्यूली गावात मोटारींचं मोठं संग्रहालय आहे. तिथेही १९६७ पासून असाच बाजार भरू लागला.

या बाजारात लोक कसे शोध घेतात, याचं एक मजेदार उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला लाखो जीपगाड्या हव्या होत्या. त्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवल्या. दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त! अट अशी होती, की एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. रणांगणावर गाडी बंद पडली, तर कंपनी विचारत कोण बसणार? पण फोर्ड कंपनीनं आपल्या पुष्कळशा भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, आपल्या नावातलं 'एफ' हे अक्षर उमटवलं. आता ज्याच्याकडे फोर्डची जीप आहे, तो माणूस बाजारात एफवाले बोल्ट शोधत फिरतो. साधा बोल्ट बसत नाही का? बसतो की! पण गाडी आपल्या मूळ रूपात उभी राहावी, हा त्याचा हट्ट असतो. या छंदाचं सगळं वेड त्या एका बोल्टात आहे.

जीपचं नाव काढलं, की कांदिवलीकरांचे कान टवकारले पाहिजेत. महिंद्र कंपनी १९४५ साली सुरू झाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. देश स्वतंत्र झाल्यावर तिनं माझगावला विलीज जीपचे भाग जुळवायला सुरुवात केली आणि पुढे कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर तिचा मोठा कारखाना उभा राहिला. जीप आणि ट्रॅक्टर यांच्याशी कांदिवलीचं नाव जोडलं गेलं ते असं. आज मेट्रोनं आकुर्ली स्थानकावरून जाता ना, तोच हा भाग. गावोगावच्या पोलीस ठाण्यांत, साखर कारखान्यांवर आणि सातारा-सांगलीकडच्या वडापमध्ये वर्षानुवर्षं धावलेल्या जीपांचं हे घराणं. तुमच्या शेजारच्या इमारतीत एखादे निवृत्त आजोबा असतील, ज्यांनी याच कारखान्यात पाळ्या केल्या असतील. त्यांना एकदा विचारून पाहा.

आपला बाजार : कुर्ला आणि चोरबाजार

हर्शीसारखा वर्षातून एकदा भरणारा मोठा बाजार आपल्याकडे नाही. पण आपल्याकडे जे आहे ते रोजचं आहे! कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची रांगच्या रांग दुकानं आहेत. दारं एकावर एक रचलेली, आरसे टांगलेले, इंजिनं जमिनीवर मांडलेली. पाहिलं तर वाटतं, एखादी गाडी कुणी शिंकेसरशी उडवून दिली आणि तिचे तुकडे इथे येऊन पडले! भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारातही जुने दिवे, भोंगे, गाड्यांवरची नावांची बिल्लं सापडतात. शुक्रवारी तिथे मोठा बाजार भरतो आणि हौशी माणसं पहाटेच जाऊन पोचतात.

या बाजारात खरेदी करायची तर तीन गोष्टी लागतात. पहिली, नमुना. मोडलेला भाग खिशात घालूनच जायचं, कारण तोंडानं वर्णन केलेला भाग आणि हातात आलेला भाग यांची गाठ क्वचितच पडते. दुसरी, घासाघीस करण्याची चिकाटी. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची : सोबत एक मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे काय चीज असते, हे मोठ्यांना विचारा. जुन्या गाडीचा मिस्त्री आधी इंजिनचा आवाज ऐकतो. बॉनेट उघडण्यापूर्वीच 'हवा आणि पेट्रोलचं गणित चुकलंय' असं सांगून टाकतो. आजच्या गाडीत बिघाड शोधायला संगणक जोडतात. या गाड्यांत संगणक कुठला? तिथे कान, नाक आणि बोटं हीच यंत्रं! एखादा भाग कुठेच मिळाला नाही, तर तो लेथवाल्याकडे जातो. लेथवाला मोडक्या तुकड्याची मापं घेतो, लोखंडाचा गोळा यंत्रावर फिरवतो आणि नवा भाग कातून देतो. पत्रा ठोकणारा कारागीर चेपलेलं मडगार्ड हातोडीनं ठोकून पुन्हा गोल करतो, कुंभारानं मडकं थापावं तसं.

तेव्हा मुलांनो, फेरीत टोपी घालून ऐटीत बसलेल्या मालकाला टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. पण त्या गाडीमागे मिस्त्री, लेथवाला, पत्रेवाला आणि कुर्ल्याचा दुकानदार अशी चार माणसं न दिसणारी असतात. गाडी पैशानं विकत घेता येते. ती चालू ठेवायला ही माणसं लागतात. आणि हा हुन्नर पुस्तकात फारसा लिहिलेला नाही, तो उस्तादाच्या शेजारी बसून शिकावा लागतो. शिकणारी पोरं कमी झाली, की गाडी असूनही ती नुसती शोभेची वस्तू होऊन राहील.

पद्मिनी कुठे गेली?

आता एका अशा गाडीची गोष्ट, जी तुमच्या आईबाबांनी शेकडो वेळा पाहिली असेल. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी!

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. आधी तिथे अमेरिकी गाड्या जुळवल्या जात. मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० च्या दशकात गोलमटोल फियाट रस्त्यावर आली. तिचं ते गुबगुबीत तोंड पाहून मुंबईकरांनी तिचं बारसं करून टाकलं, 'डुक्कर फियाट'! १९६४ साली नव्या चौकोनी बांध्याची फियाट आली आणि १९७४ मध्ये तिला नाव मिळालं 'पद्मिनी', चितोडच्या राणीचं. तिचं इंजिन छोटं, १०८९ सीसीचं. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच जोडलेली. सुटे भाग स्वस्त आणि गल्लीबोळातून वळायला सोपी. टॅक्सीवाल्यांना आणखी काय हवं? वरचा पिवळा रंग लांबून दिसावा आणि खालच्या काळ्यावर डाग उठून दिसू नयेत, अशी त्या रंगांमागची युक्ती सांगतात.

१९९० च्या दशकात मुंबईत साठ हजारांहून जास्त काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि रस्त्यात हात केला, की समोर येऊन उभी राही ती बहुधा पद्मिनीच. पुढे तिचं उत्पादन थांबलं. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ या दिवशी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्याआधी दीडच महिना, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, बेस्टची शेवटची जुनी डिझेलवरची दुमजली बसही निवृत्त झाली होती.

आता विचार करा. एखाद्या महाराजांची रोल्स रॉइस ८०-९० वर्षं टिकते आणि साठ हजारांच्या ताफ्यातली टॅक्सी मात्र बघता बघता दिसेनाशी होते. असं का? महाराजांची गाडी एकच असते, म्हणून सगळे तिला जपतात. टॅक्सी मात्र इतक्या होत्या, की प्रत्येकाला वाटलं, ही गेली तर काय झालं, दुसरी आहेच की! दुसरीच्या वेळीही तेच वाटलं, तिसरीच्या वेळीही तेच. निदान एक तरी काळी-पिवळी पद्मिनी जतन करा, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियननं सरकारकडे केली होती. पण २०२३ च्या त्या दिवसापर्यंत तिला यश आलं नव्हतं.

नेहमीची गाडी टिकूच शकत नाही, असंही नाही बरं का! मघाशी आपण फोर्डची टी मॉडेल पाहिली ना, ती तर दीड कोटींहून जास्त बनली. शेतकऱ्यांची, दूधवाल्यांची, डॉक्टरांची साधी गाडी. १९२७ मध्ये ती बंद झाली, पण वेळीच माणसं सावध झाली. तिचे सुटे भाग आजही नव्यानं बनवले जातात आणि शंभर वर्षांची टी मॉडेल आजही रस्त्यावर धावू शकते. आपल्याकडेही पांढऱ्या, निळ्या, तपकिरी घरगुती पद्मिनी हौशी लोकांनी सांभाळून ठेवल्या आहेत. मोडीत निघालेल्या टॅक्सीचं एखादं दार, एखादा दिवा किंवा गिअरची दांडी बाजारातून फिरत फिरत अशा एखाद्या गाडीला जाऊन बसते. पद्मिनी जिथे जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे भाग विकले जातात आणि त्या भागांवर तिची बहीण जगते. सुट्या भागांच्या बाजाराचा अर्थ हाच आहे.

जत्रेला जाताना

पुढची फेरी जाहीर झाली, की आईबाबांना घेऊन नक्की जा. जाताना एवढं लक्षात ठेवा. गाडीला न विचारता हात लावायचा नाही, कारण बोटांच्या घामानंही जुन्या पॉलिशवर डाग पडतात. सोबत एक वही न्या. प्रत्येक गाडीचं नाव, साल आणि बनल्याचा देश लिहा. मालकांना 'केवढ्याला घेतली?' असं विचारू नका. विचारा, 'कोणता भाग मिळवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला?' बघा मग, काका कसे खुलतात ते! आणि जवळ मिस्त्री उभे असतील, तर तोच प्रश्न त्यांनाही विचारा. उत्तर बहुधा वेगळं येईल.

फेरीला अजून अवकाश असेल, तर शीवजवळच्या आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तिच्या काळच्या खुणा तिथे पाहायला मिळतात. आणि तेवढंही जमलं नाही, तर घरातला जुना अल्बम काढा. लग्नाला, सहलीला, नाही तर बाळाला दवाखान्यातून घरी आणताना काढलेल्या एखाद्या फोटोत मागे गाडी उभी असेलच. ती कोणती, कोणाची, तिचा नंबर काय, हे आजी-आजोबांना विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. आठवण ताजी आहे तोवर हे काम उरकायला हवं, आणि त्याला पैसेही लागत नाहीत!